टेबलावाचून पहिला रविवार

टेबल शनिवारी संध्याकाळी गेले. चार माणसांनी ते उचलून मिशनच्या कंपाउंडातले अंगण ओलांडले आणि समोरच्या खोलीत, बायबलबाई सिद्धम्माकडे, पोचवले. अडचण एवढीच आली, की सिद्धम्माचे दार अरुंद होते आणि टेबल आडवे करून, पाय पुढे, असे आत घालावे लागले. "मुडद्यासारखं," रावजी म्हणाला. कुंडलिकमास्तरांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

रविवारी सकाळी उपासनेपूर्वी कुंडलिक त्या रिकाम्या खोलीत घोंगडी अंथरून बसला. शहाबादी फरशीवर टेबलाच्या पायांचे चार फिकट चौकोन राहिले होते. घड्याळ उन्हाळ्यातच गेले होते. मग आरसा, मग हार्मोनियम, मग खुर्च्या शाळेच्या कचेरीत. चहा सुटला होता. यांतली एकही वस्तू देताना त्याला दुःख झाले नव्हते, आणि दुःख होत नाही म्हणजे आपण काही सोडतच नाही की काय, अशी शंका मात्र प्रत्येक वेळी आली होती. टेबलाच्या बाबतीत प्रथमच छातीत काहीतरी हलले. म्हणून ते योग्य असले पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला.

त्याने डोळे मिटले आणि वाट पाहिली. खोली थंड होती. दूर सात रस्ता चौकाकडून टांग्याच्या घोड्याच्या टापा आल्या आणि गेल्या. त्यानंतरच्या शांततेत काहीतरी होते, निदान त्याला तसे वाटले. ते प्रभूचे सान्निध्य होते, की भिंती मोकळ्या झाल्यामुळे आवाजाचा झालेला फरक होता, हे त्याला सांगता आले नसते. आणि रावजी घरात असताना त्याने ते सांगण्याचा प्रयत्नही केला नसता.

आणि रावजी तर दारातच उभा होता. पुण्याच्या कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवत असे आणि सुटीला आला, की थोरल्या भावाच्या श्रद्धेची तपासणी करणे हे तो आपले कर्तव्य समजे.

"दादा, एक विचारू? जवळ गेल्याचं कळतं कशावरून?"

"कशाच्या जवळ?"

"तू ज्याच्या जवळ चालला आहेस त्याच्या. कालच्यापेक्षा आज अंतर कमी झालं, हे तू कसं ठरवतोस?"

कुंडलिकने डोळे उघडले. "टेबल होतं तेव्हा प्रार्थनेला बसलं, की मिटल्या डोळ्यांसमोर टेबल यायचं. त्यावरच्या तपासायच्या वह्या, पाहुण्यांसाठी घालायचं कापड, सगळं."

"आणि आज?"

कुंडलिक प्रामाणिक माणूस होता. "आज टेबलाची जागा आली," तो म्हणाला.

रावजी हसला नाही. हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तो भिंतीला टेकून खाली बसला. "काचेच्या हंडीतून पंपाने हवा काढतात, तो प्रयोग मी दर वर्षी मुलांना दाखवतो. हंडी रिकामी होते, इथवर ठीक. पण रिकामी झाली म्हणून तिच्यात काही उतरतं, असं अजून कोणी पाहिलेलं नाही. बाहेरचा दाब मात्र होता तेवढाच राहतो. त्याला आतून अडवणारं काही उरत नाही, एवढंच. काच पातळ असली तर फुटते."

"आणि जाड असली तर?"

"तर काहीच होत नाही."

"मी हंडी नाही, रावजी."

"ते मला मान्य आहे. पण तू माझ्या आकडेमोडीत नाहीस म्हणून तुझी आकडेमोड बरोबर, असं होत नाही."

स्वयंपाकघरातून मथुरा बाहेर आली. तिच्या हातांना पीठ होते. लग्नापूर्वी ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली होती आणि नवऱ्याशी बोलताना, राग आल्यावर विशेषतः, तिथल्या शिस्तीत बोलत असे.

"पाच ताटं कुठं मांडू तेवढं सांगा. वाद मग चालू द्या."

"इथंच. खाली. एका ओळीत," कुंडलिक म्हणाला. "साधं."

"साधं कोणाला?"

"सगळ्यांना."

"प्रभू बायबलातल्या त्या दोघी बहिणींच्या घरी जेवायला गेला होता. एक पायाशी बसून ऐकत राहिली, दुसरी राबत राहिली. पहिलीचं कौतुक मी लहानपणापासून ऐकते आहे. दुसरी शेवटी जेवली की नाही, हे एकाही पाळकाने सांगितलेलं मला आठवत नाही."

"वहिनी, हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला आहे," रावजी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा भावोजी. काल टेबलाचा एक पाय तुम्हीच धरला होतात."

हे खरे होते. रावजीचा टेबल देण्याला विरोध होता, आणि उचलायला माणूस कमी पडला तेव्हा हातही त्यानेच लावला होता. या घरात विरोध आणि मदत या दोन गोष्टी एकच माणूस एकाच वेळी करी, आणि त्यामुळे कोण कोणाच्या बाजूचा हे ठरवणे अवघड जाई. म्हाताऱ्या आईचे, म्हाळसाबाईंचे, तर त्याहून अवघड होते. टेबल देऊ का, असे कुंडलिकने आईला विचारले तेव्हा ती "दे की, लाकूडच हाय ते," एवढेच म्हणाली होती आणि शेंगा निवडत राहिली होती. त्या होकारावर कुंडलिकने फार भिस्त ठेवली होती.

टेबल देण्याला आणखी एक कारण होते, आणि ते आज दुपारी मंद्रूपहून येणार होते.

बिरप्पा हा कुंडलिकचा चुलतभाऊ. कुंडलिकचे वडील हरिबा यांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षापासून मंद्रूपच्या घराने या घरात पाणीसुद्धा घेतले नव्हते. मेंढरे विकायला सोलापुरात आला, की बिरप्पा अंगणातल्या लिंबाखाली उकिडवा बसे, काकीची खुशाली विचारी आणि जाई. गेल्या बाजाराला मात्र तो म्हणाला होता, "सायबावानी टेबलावर जेवतासा, तितं आमी कसं बसावं? खाली बसत असशील तर सांग. एकदा यीन जेवाय." कुंडलिकला ही हाक दोन्हीकडून आल्यासारखी वाटली होती. देव आणि चुलतभाऊ एकच गोष्ट मागत असतील, तर ती नाकारण्याचे कारण त्याला सापडत नव्हते. त्याच्या मते टेबल म्हणजे वडिलांनी भोळेपणाने केलेली साहेबाची नक्कल होती. ते गेले, की मधली भिंत जाईल. आणि भिंत गेली, की उरेल ते प्रभूच्या अधिक जवळचे असेल.

बिरप्पा आला तो उन्हातून, काठी आणि घोंगडे घेऊन, पायांवर शेराशेराची धूळ. त्याने पाण्याचा तांब्या स्वतःचाच आणला होता. तो दाराबाहेर टेकवून त्याने आत डोकावले.

"खरंच काढलंस की रं."

"म्हटलं होतं ना."

"मला वाटलं, मास्तर बोलतोय नुसतं." तो आत आला, फरशीवर पाय दुमडून बसला आणि खोलीभर नजर फिरवली. "आता कसं बरं वाटतंय. मोकळं. काकी, बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय की. ये बाबा. बस," म्हाळसाबाई आतून म्हणाल्या.  हरिबांच्या भावाचा मुलगा त्यांच्या घरात जेवायला बसला होता, आणि ते पाहायला हरिबा नव्हते.

"मटनाचा वास येईना," बिरप्पा म्हणाला. "आयतवार हाय न्हवं? किरिस्तावांकडं आयतवारी मटन असतं म्हनून सकाळपास्नं पोटात जागा ठिवून आलोय."

"दादानं मटणही सोडलं," रावजीने सांगितले.

"आरं देवा! मग किरिस्ताव हून फायदा काय झाला?"

सगळे हसले. कुंडलिकही हसला, कित्येक आठवड्यांत तो असा हसला नव्हता. मथुरेने भिंतीलगत पाच ताटल्या मांडल्या होत्या. बिरप्पाची नजर ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि थांबली.

"त्या दोन कुनाच्या?"

"आईची आणि मथुरेची," कुंडलिक म्हणाला.

 बिरप्पाने दुमडलेला एक पाय मोकळा केला. उठणारा माणूस आधी तसे करतो. मग, अगदी मऊपणे, तो म्हणाला, "भाकरी गरम हाय तवर आपुन घिऊ की. बाया बसतील मागनं."

कुंडलिकने त्याच्या पायाकडे पाहिले. पुढे जे घडले त्याचा सगळा उगम या एका क्षणात आहे, आणि तो क्षण फार लहान होता. आत तव्यावर भाकरी फुगत होती. म्हाळसाबाई आतून म्हणाल्या, "बसा रं, बसा. मी आनते गरम गरम." मथुरा नवऱ्याकडे पाहत होती.

"आजच्या दिवस," कुंडलिक म्हणाला. "बरं. आपण सुरू करू."

मथुरेने दोन ताटल्या उचलल्या. त्या एकमेकींवर ठेवताना जेवढा आवाज होणे आवश्यक होते त्याहून थोडा अधिक झाला.

कुंडलिकने प्रार्थना म्हटली. अन्नासाठी, भावासाठी, मोकळ्या झालेल्या घरासाठी त्याने उपकार मानले, आणि त्याचा आवाज भरून आला. "आमेन" दोन ठिकाणांहून आले: एक रावजीचे, सवयीचे, दुसरे आतून, चुलीपासून.

मथुरेला पंगतीला वाढण्याची सवय नव्हती. बोर्डिंगात लांब टेबले होती. या घरात एक होते. भांडी मधोमध असत आणि ज्याला हवे तो घेई. आता भांडी आत होती आणि माणसे बाहेर, म्हणजे मध्ये कोणीतरी चालले पाहिजे, आणि जी चालते ती बसू शकत नाही. हे कोणी ठरवले नव्हते. वस्तूंची जागा बदलली, एवढेच झाले होते. वरण वाढायला वाकताना तिला वाटले, हे भावोजींना सांगितले पाहिजे. मग तिने पाहिले तर भावोजी शेंगाचटणीत भाकरी बुडवून बिरप्पाला मेंढरांचे भाव विचारत होते. सकाळी इतके प्रश्न पडलेल्या माणसाला, आपण कोणत्या ओळीत बसलो आहोत, हा प्रश्न पडला नव्हता.

"आता कसं घर घरावानी दिसतंय," बिरप्पा समाधानाने म्हणाला. "आमी पंगतीत, काकी चुलीपाशी. काका असता तर—" त्याने वाक्य पुरे केले नाही. त्याचे डोळे खरोखरच ओले झाले होते, आणि त्याच्या मनात अपमानाचा लवलेशही नव्हता.

"आई," कुंडलिकने हाक मारली. "बिरप्पाला भाकरी आण."

म्हाळसाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभ्या होत्या. डावा हात चौकटीवर, पदर कपाळापर्यंत पुढे, वजन एका पायावर. या स्थितीत त्या किती वेळ होत्या, हे त्यांना माहीत नव्हते. मुलाची हाक ऐकून त्यांनी स्वतःकडे पाहिले आणि त्यांना ते शरीर ओळखीचे वाटले. मंद्रूपच्या घरात त्या अशाच उभ्या राहत: सासरा उठेपर्यंत, दीर उठेपर्यंत, हरिबा उठेपर्यंत, मग टोपल्यात उरले असेल ते. पुढे बाप्तिस्म्याच्या दिवशी ख्रिस्ती मंडळीने दोघांना एका टेबलाशी शेजारी बसवले. नवऱ्याच्या शेजारी बसून खायचे, सगळ्यांदेखत! लाजेने त्यांच्या घशाखाली घास उतरेना. हरिबांनीही मान वर केली नाही. पण त्याच महिन्यात हरिबांनी बाभळीच्या लाकडाचे, एक पाय किंचित आखूड असलेले टेबल स्वतः केले. का केले, ते हरिबांनी सांगितले नव्हते आणि म्हाळसाबाईंनी विचारले नव्हते. लाकूडच हाय ते, असे त्या परवा म्हणाल्या तेव्हा त्या खरेच बोलत होत्या. आज मात्र लाकूड गेले आणि पाय आपोआप चौकटीशी येऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

त्यांनी भाकरी आणली. बिरप्पाला वाढली, रावजीला वाढली, कुंडलिकला वाढली. "पुरं, पुरं," कुंडलिक म्हणाला. त्याने वर पाहिले नाही. मग त्या आत गेल्या, एक ताटली घेतली, तिच्यात अर्धी भाकरी, वरण आणि चटणी घेतली, आणि पदर सावरून बाहेर आल्या. पंगतीच्या मागून, भिंतीला खेटून त्या दारापर्यंत गेल्या. बिरप्पाचा तांब्या पायाने लवंडू नये म्हणून त्यांनी तो जरा बाजूला केला, आणि त्या उन्हात उतरल्या.

"काकी कुटं निगाली?" बिरप्पाने विचारले.

कोणालाच माहीत नव्हते. अंगणापलीकडे सिद्धम्माचे दार उघडे होते. तिचा आवाज ऐकू आला, "बर्री, बर्री ताई! कूड्री!" या, बसा, असे ती कानडीत म्हणत होती, आणि मग ट्रंक फरशीवर ओढल्याचा कर्कश आवाज.

मथुरेने हातातले वरणाचे पातेले पंगतीसमोर, अगदी मधोमध ठेवले. "लागेल ते घ्या," ती म्हणाली, आणि आपली ताटली भरून तीही गेली.

तिघे पुरुष पातेल्याकडे पाहत राहिले.

"भांडन हाय का काय?" बिरप्पाने हळूच विचारले.

"नाही," कुंडलिक म्हणाला. "म्हणजे, नव्हतं."

"दादा, तू जा," रावजी म्हणाला. "मी बसतो यांच्याजवळ." त्याचे कान लाल झाले होते. पंगतीतल्या रिकाम्या दोन जागा त्याला आता दिसत होत्या.

"पाहुण्याला पानावर सोडून?"

"मग आईला सोड. दोन्हीपैकी एक होणारच आहे. तुझ्याकडे दोन शरीरं नाहीत."

कुंडलिक उठला. ताटली हातात तशीच राहिली. ती खाली ठेवावी हे त्याला सुचले नाही. सिद्धम्माच्या दारात उभे राहून त्याने आत पाहिले. खोलीचा बहुतेक भाग टेबलाने व्यापला होता. खुर्च्या नव्हत्याच. आई पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, मथुरा उलट्या घमेल्यावर, सिद्धम्मा खिडकीच्या कट्ट्यावर. टेबलाच्या मानाने ट्रंक ठेंगणी होती, त्यामुळे म्हाळसाबाईंची ताटली जवळजवळ त्यांच्या हनुवटीशी आली होती.

"आई, घरी चल. बिरप्पा बसलाय."

"जेवून येते की. तू हाईस न्हवं त्याच्यासंगं?"

"तू रागावलीस?"

"न्हाय रं." त्यांनी खरोखर विचार केला. "राग न्हाय. माझं मलाच कळंना झालंय. मी उभी ऱ्हायले न्हाय, पाय उभं ऱ्हायलं. आज तितंच ऱ्हायले असते, तर उद्याबी ऱ्हायले असते. मग बसायचं इसरून गेले असते."

"मी हे देवासाठी केलं, आई."

"व्हय. मला ठावं हाय."

"सोडल्याशिवाय त्याच्याजवळ जाता येत नाही, असं मला वाटतं."

"आसंल. तू शिकलेला हाईस." त्या थांबल्या. "पर मला तर त्यानं बशीवलं, तवाच तो पयल्यांदा ठावं झाला. आता तू म्हनतोस, उठ. कुनाचं ऐकू?"

कुंडलिकने सिद्धम्माकडे पाहिले. सिद्धम्माने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. घरोघर जाऊन पवित्र शास्त्र समजावून सांगणे हे तिचे काम होते, पण तिलाही यातले समजावून सांगण्याजोगे काही सापडले नसावे.

मागून चूळ भरल्याचा आवाज आला. बिरप्पा अंगणात उभा होता. त्याने हात धुतला होता, खांद्यावर घोंगडे होते. ताटलीत भाकरी टाकून उठायची वेळ त्याच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

"बिरप्पा, थांब," कुंडलिक म्हणाला. "इकडे ये. इथं बसू, सगळे."

बिरप्पाने दारातून आतल्या टेबलाकडे पाहिले, त्याच्याशी बसलेल्या तीन बायकांकडे पाहिले. "कुंडलिका, खाली बसतोस म्हनलास म्हनून आलो. आता म्हनतोस वर बस. तुजा देव बसतो कुटं, ते एकदा तू ठरीव. मग मला बोलीव." तो चिडलेला नव्हता, खरे तर तो विचारत होता. "काकी, येतो गं."

"ये बाबा," म्हाळसाबाई ट्रंकेवरून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले, पण त्या उठल्या नाहीत. "पोरास्नी घिऊन ये."

यावर बिरप्पाने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. रावजी त्याला टांग्यापर्यंत पोचवायला निघाला. जाताना तो भावाकडे पाहून काही बोलणार होता. पण जे बोलायचे ते सकाळीच बोलून झाले होते आणि त्याचा कोणालाही उपयोग झालेला नव्हता.

कुंडलिक आत आला. ताटली अजून हातात होती. वरण काठापर्यंत सरकले होते. देवाने टेबल मागितले नव्हते, असे आता म्हणावे, तर सकाळची ती शांतता खोटी ठरत होती. मागितले होते म्हणावे, तर समोर आई ठेंगण्या ट्रंकेवर ताटलीशी हनुवटी टेकवून बसली होती. तो टेबलाजवळच खाली फरशीवर बसला. तिथून त्याला फक्त टेबलाचा तळ आणि बायकांची पावले दिसत होती.

"अहो, हे काय?" मथुरेने विचारले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

म्हाळसाबाईंनी खाली वाकून पाहिले. "वर बस की रं. मी सरकते." त्या ट्रंकेवर सरकल्या. अर्धी ट्रंक रिकामी झाली. त्यांच्या हातात घास होता. तो तोंडाशी नेता नेता थांबवून त्या मुलाकडे पाहत राहिल्या. कुंडलिकने त्या जागेकडे पाहिले, हातातल्या ताटलीकडे पाहिले, आणि पुन्हा त्या जागेकडे पाहिले. त्याने एक हात फरशीवर टेकला. पण तो उठला नाही.

म्हाळसाबाई आणखी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी घास तोंडात घातला.